गावातल्या घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस कोणता टाकावा?

दिवाळीच्या मागेपुढे कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले, की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, आर्णी भागातल्या खेड्यांतून लोक कॉम्प्युटर घ्यायला तालुक्याला येतात. पोरगं बारावीत असतं, पोरीला टायपिंगची परीक्षा द्यायची असते, स्कॉलरशिपचा फॉर्म दरवर्षी महाडीबीटीवर भरायचा असतो. दुकानदार मॉनिटर, सीपीयू, यूपीएस असं बिल करत जातो आणि खाली एक ओळ जोडतो: अँटीव्हायरस, एक वर्ष. त्या ओळीपाशी माणूस अडतो. "भाऊ, दुकानवाला म्हणते याच्याबिगर कॉम्प्युटर चालवूच नका. घेऊ का राहू देऊ?" हा प्रश्न मला सीझनभर येत राहतो.

बहुतेक घरांना मी "राहू द्या" सांगतो. काही घरांना मात्र आवर्जून "घ्या" म्हणतो. कॉम्प्युटर कितीला घेतला याचा इथे संबंध नाही. घरात नेट कसं येतं, पेन ड्राइव्ह किती हातांतून फिरतो आणि विंडोज कोणतं आहे, यावर ते ठरतं. ते का, हे कळायला अँटीव्हायरस आत काय करतो ते आधी पाहावं लागेल.

ओळखण्याच्या तीन रीती

सगळ्यात जुनी रीत म्हणजे खुणांची यादी. एखादा घातक प्रोग्राम सापडला, की कंपनीचे लोक त्याच्या आतली ठरावीक रचना टिपून यादीत टाकतात आणि ती यादी अपडेटमधून आपल्या कॉम्प्युटरवर येते. नवी फाइल आली, की अँटीव्हायरस ती यादीशी ताडून पाहतो. जुने, माहीत असलेले व्हायरस यात चटकन सापडतात. आज सकाळीच तयार झालेला मात्र सापडत नाही, कारण तो यादीत नसतो.

म्हणून दुसरी रीत आली: वागणुकीवर नजर ठेवायची. फाइलचं नाव "लाइट बिल" असेल आणि उघडल्याबरोबर ती सगळे फोटो एकामागून एक कुलूपबंद करायला लागली, तर ती यादीत असो वा नसो, तिला तिथेच थांबवायचं.

तिसरी रीत आज सगळ्यात मोठी आहे. अनोळखी फाइल दिसली, की अँटीव्हायरस तिचा ठसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि विचारतो, ही कुठे पाहिली आहे का? जगभरातल्या कोट्यवधी कॉम्प्युटरवरून आलेली माहिती तिथे जमा असते, त्यामुळे काही क्षणांत उत्तर येतं. हल्लीच्या अँटीव्हायरसची बरीचशी ताकद या सर्व्हरवर असते.

खेड्यातल्या घराची अडचण नेमकी इथे आहे. आपल्याकडे अनेक घरांत नेट म्हणजे पोराच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. पोरगं यवतमाळला कॉलेजात गेलं, की नेटही त्याच्यासोबत जातं. मागे उरतो तो नेट नसलेला कॉम्प्युटर आणि त्याला लागलेला शेजाऱ्याचा पेन ड्राइव्ह. अशा वेळी तिसरी रीत बंद असते. पहिल्या दोन जेवढ्या मजबूत, तेवढंच संरक्षण मिळतं.

विंडोजमध्ये आधीच काय आहे

विंडोज एक्सपी 2001 साली आलं तेव्हा त्यात अँटीव्हायरस नव्हता. पेन ड्राइव्ह लावला, की त्यातला प्रोग्राम आपोआप चालू व्हायचा, आणि गावोगावच्या इंटरनेट कॅफेंतून व्हायरस त्याच वाटेने पसरले. 2009 च्या विंडोज 7 मध्ये पेन ड्राइव्हची ही आपोआप चालण्याची सोय बंद झाली आणि 2011 मध्ये जुन्या विंडोजलाही तसा अपडेट आला. 2012 च्या विंडोज 8 पासून तर पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो. आज त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. तो फुकट आहे, त्याची मुदत संपत नाही आणि तो वेगळा टाकावा लागत नाही. "विकत घेतल्याशिवाय चालवूच नका" हा दुकानदाराचा सल्ला एक्सपीच्या काळात खरा होता, आज तो सगळ्यांना लागू नाही.

डिफेंडर चांगला आहे हे कशावरून? यासाठी दोन युरोपीय प्रयोगशाळांच्या चाचण्या मी नेहमी पाहतो. जर्मनीत माग्देबुर्गला एव्ही-टेस्ट आहे. ती संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी 6, असे 18 पैकी गुण देते. डिफेंडरला गेली काही वर्षं पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ गुण मिळत आहेत. दुसरी ऑस्ट्रियात इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज. तिच्या मालवेअर (म्हणजे घातक प्रोग्राम) प्रोटेक्शन चाचणीच्या तक्त्यात आपल्यासाठी फार कामाचा एक रकाना असतो: ऑफलाइन डिटेक्शन, म्हणजे नेट बंद असताना किती घातक फाइली ओळखल्या. त्या रकान्यात डिफेंडर स्पष्टपणे मागे पडतो. नेट चालू असताना तोच पुढच्या रांगेत असतो.

हे दोन्ही निकाल एकत्र ठेवले, की माझं उत्तर आपोआप निघतं. घरी फायबर किंवा चांगलं वायफाय आहे, कॉम्प्युटर चालू तेव्हा नेट चालू आहे आणि बाहेरचे पेन ड्राइव्ह क्वचित लागतात, तर डिफेंडर पुरतो, पैसे वाचवा. नेट आठवड्यातून दोनदा येतं आणि पेन ड्राइव्ह रोज येतात, तर ऑफलाइन मजबूत असलेला अँटीव्हायरस विकत घेण्यात अर्थ आहे. ज्यांच्या घरातच झेरॉक्सचं, फोटो काढायचं किंवा सेवा केंद्राचं काम चालतं, त्यांनी तर घ्यावाच. लोकांचे आधार, सातबारा, बँकेची पासबुकं त्यांच्या मशीनवर असतात, आणि तिथला व्हायरस रोज अर्ध्या गावाच्या पेन ड्राइव्हमध्ये जातो.

डिफेंडरवर राहायचं ठरवलं तर मात्र एक गोष्ट तपासाच. स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" उघडा, त्यात "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", आणि खाली "प्रोटेक्शन अपडेट्स" मध्ये शेवटच्या अपडेटची तारीख पाहा. हॉटस्पॉट वापरणाऱ्या घरांत ती कितीतरी दिवस जुनी सापडते. डेटा वाचावा म्हणून कोणीतरी वायफायच्या सेटिंगमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू केलेलं असतं, आणि ते चालू असलं की बरेचसे अपडेट आपोआप उतरत नाहीत. घरच्यांना वाटतं संरक्षण आहे, आणि यादी महिनाभर शिळी. नेट असेल तेव्हा त्याच पानावरचं "चेक फॉर अपडेट्स" बटण दाबून हाताने अपडेट घ्या. विंडोजच्या महिन्याच्या मोठ्या अपडेटच्या मानाने हा फार लहान असतो, डेटाचा पॅक संपत नाही.

विकत घ्यायचाच असेल तर

दुकानाच्या काउंटरवर एकाच कंपनीचे तीन डबे दिसतात: साधा अँटीव्हायरस, इंटरनेट सिक्युरिटी आणि टोटल सिक्युरिटी. बहुतेक कंपन्यांत व्हायरस ओळखणारा आतला भाग तिन्हींत तोच असतो. महागड्या डब्यात मुलांवर लक्ष ठेवायची सोय, पासवर्ड ठेवायची जागा, कॉम्प्युटर "साफ" करायचं टूल अशा गोष्टी वाढवलेल्या असतात. घरच्या वापराला साधा डबा पुरतो, आणि "साफ" करणाऱ्या टूलची तर कोणालाच गरज नसते.

नावांचं म्हणाल, तर क्विक हील आपल्या भागात सहज मिळतो. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून तो उभा केला. के7 चेन्नईचा आहे. रोमानियाचा बिटडिफेंडर एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या ऑफलाइन रकान्यात चांगला दिसत आला आहे. पण नावावर जाऊ नका. त्या-त्या वर्षीचा तक्ता त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर फुकट पाहायला मिळतो. पोरांना उघडायला सांगा आणि ऑफलाइनचा रकाना वाचा.

तक्त्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे तुमच्या मशीनची ताकद. सेकंडहँड मशीन, 4 जीबी रॅम आणि फिरणारी जुनी हार्ड डिस्क असेल, तर जड अँटीव्हायरस टाकल्यावर वर्ड उघडायलाच एवढा वेळ लागतो, की माणूस वैतागून अँटीव्हायरस काढून टाकतो. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीची मोफत ट्रायल टाका, आठ-पंधरा दिवस रोजची कामं करा, मग ठरवा. आणि एका वेळी एकच ठेवा. दोन टाकले तर दोघंही प्रत्येक फाइल तपासायला धावतात, एकमेकांवर संशय घेतात आणि कॉम्प्युटर गारद होतो. विकतचा टाकला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, त्याला हात लावायची गरज नाही.

ऑनलाइन घेताना पहिल्या वर्षाची किंमत कमी आणि पुढच्या वर्षाची दुप्पट, असं पुष्कळदा असतं, आणि पैसे खात्यातून आपोआप कापायची परवानगी खरेदीच्या वेळीच घेतलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याआधी किमान 24 तास बँकेने सूचना द्यायला हवी. तो मेसेज आला की वाचा, नको असेल तर तेव्हाच थांबवा. दुकानातून लायसन्स-की (चालू करायचा नंबर) असलेला डबा घेतला तर ही भानगड राहत नाही. खेड्यातल्या माणसाला मला तोच मार्ग बरा वाटतो.

आणि फुकटचे बाहेरचे अँटीव्हायरस? अव्हास्ट हे त्यातलं जगभर गाजलेलं नाव, व्हायरस ओळखण्यात चांगलंही. पण त्याने आपल्या वापरकर्त्यांची कोणत्या वेबसाइट पाहिल्या ही माहिती जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकली, आणि त्यासाठी 2024 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. अँटीव्हायरसला कॉम्प्युटरमधलं सगळं पाहायची मुभा असते. ती कोणाला देतो याचा विचार हवाच. हातात फुकटचा डिफेंडर असताना दुसरा फुकटचा टाकायचं मला तरी कारण दिसत नाही.

रोग येतो त्या वाटा

आता ज्याने सगळ्यात जास्त मशीन बिघडतात ते. आपल्या भागात ते क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स तोडून फुकटात चालवलेलं, विंडोज आणि सॉफ्टवेअर आहे. असेंबल पीसीत दुकानातूनच विंडोज "टाकून" मिळतं, सोबत फोटोशॉप, टायपिंगचं सॉफ्टवेअर, दोन गेम. क्रॅक चालवायची पहिली अट असते, अँटीव्हायरस बंद करा. तो बंद केला आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने तो प्रोग्राम चालवला, की आत काय शिरलं ते पुढे कोणी सांगू शकत नाही. नंतर महागडा अँटीव्हायरस आणणं म्हणजे गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारणी करणं: बोंड वरून हिरवंगार दिसतं, औषध वर राहतं आणि अळी आत सरकी खात असते.

तुमच्या मशीनवर असं झालंय का, हे घरीच पाहता येतं. सेटिंग्ज, सिस्टम (विंडोज 10 मध्ये "अपडेट अँड सिक्युरिटी"), मग ॲक्टिव्हेशन उघडा. घरच्या कॉम्प्युटरवर तिथे "युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस" असे शब्द दिसले, तर समजा खोट्या रीतीने ॲक्टिव्हेट केलंय. कंपनी-ऑफिसांसाठी असलेली पद्धत तिथे वापरलेली असते, आणि तुमचं घर काही ऑफिस नाही. दुसरं, विंडोज सिक्युरिटीत "मॅनेज सेटिंग्ज" च्या तळाशी "एक्सक्लूजन्स" असतं. तपासायचं नाही अशा फोल्डरांची ती यादी. साधारण घरात ती रिकामी असायला हवी. क्रॅक टाकणारे प्रोग्राम तिथे कधी एखादं फोल्डर, कधी आख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवतात. मग डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो आणि तपासत काहीच नाही. अशा मशीनला माझा एकच सल्ला असतो: फोटो-कागदपत्रं बाजूला काढा, फॉरमॅट मारा, अस्सल विंडोज टाका. पैसे खर्च करायचेच असतील तर अँटीव्हायरसच्या आधी अस्सल विंडोजवर करा. नवीन घेणार असाल, तर विंडोज आधीच असलेला लॅपटॉप या हिशोबात बसतो का ते पाहा.

दुसरी वाट पेन ड्राइव्हची. शॉर्टकट व्हायरस गावात अजून फिरतो. फॉर्म भरून घरी आलो, पेन ड्राइव्ह लावला, आणि आपली सगळी फोल्डरं जागेवर दिसतात, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. खरी फोल्डरं व्हायरसने लपवलेली असतात आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरसही चालतो आणि फोल्डरही उघडतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. बाण दिसला की क्लिक करू नका. पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करून स्कॅन करा, शॉर्टकट काढून टाका. फोल्डरं गेली असं समजून पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारू नका, ती तिथेच असतात. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायची खूण करा आणि "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स" ची खूण काढा, दिसायला लागतील. त्याच ठिकाणी "हाइड एक्स्टेन्शन्स" चीही खूण काढून ठेवा. मग पीडीएफचं चित्र लावून आलेली, पण शेवटी डॉट ईएक्सई असलेली, म्हणजे मुळात प्रोग्राम असलेली, मार्कशीट लगेच ओळखू येते. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह देण्याऐवजी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली तर ही वाटच बंद होते.

तिसरी वाट भीतीची. कोपऱ्यात लाल पाटी उगवते: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस, अँटीव्हायरस संपला, इथे क्लिक करा. ज्यांच्याकडे विकतचा अँटीव्हायरस कधी नव्हताच, त्यांनाही "तुमचा संपला" म्हणून येते. ही पाटी बहुतेकदा क्रोममधून येते. निकाल पाहताना किंवा सिनेमा उतरवताना एखाद्या साइटने विचारलेलं असतं, नोटिफिकेशन देऊ का, आणि आपण "अलाऊ" दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी साइट काढून टाका, पाट्या थांबतात. पाटीवर फोन नंबर असेल तर तो लावू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो आणि तुमचा माऊस त्याच्या हातात जातो. कोणतीही खरी कंपनी स्क्रीनवर नंबर दाखवून फोन करायला सांगत नाही.

विंडोजच जुनं झालं असेल तर

12 मे 2017 ला वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही त्यात सापडले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी घेतला नाही ते अडकले. विंडोजच्या भिंतीला भोक असेल तर आतला राखणदार दरवेळी पुरा पडत नाही. विंडोज 7 चे अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले आणि विंडोज 10 चे 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 10 वरच्या डिफेंडरची व्हायरसची यादी ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. त्यासाठी घरगुती वापरकर्त्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत आहे. अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय दिसला तर नक्की घ्या. जुनं मशीन विंडोज 11 घेत नसेल आणि त्यावर फक्त अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ चालत असतील, तर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टम टाकून घेणंही चांगलं. विंडोज 7 वर बँकेचं काम मात्र अजिबात करू नका, अँटीव्हायरस कितीही महाग असला तरी.

कोणताही अँटीव्हायरस सगळंच अडवत नाही, म्हणून मुलांचे फोटो, मार्कशीट, जातीचा दाखला, शेतीची कागदपत्रं यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवायची. लावून ठेवली तर कुलूप लावणारा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

मशीनमध्ये काही शिरल्याची शंका आली, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने 2017 साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर साफसफाईची टूल्स फुकट मिळतात. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी मशीन दुरुस्त करत बसू नका. नेट काढा, दुसऱ्याच्या मोबाइलवरून पासवर्ड बदला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. तालुक्याच्या ठाण्यात सकाळी जाऊ म्हणून रात्रभर थांबू नका. फोन आधी, ठाणं नंतर.